दाढीवाला राजा

अखेर दाढीवाला राजा सिंहासनावर बसला, त्याचा ड्रॅगन ढगांत दिसेनासा झाला आणि मालिका एकदाची संपली. मृण्मयीने टीव्ही बंद केला. ऑफिसातून येऊन तिने पास्ता उकडला होता, त्यात कोवळे मटार, लसूण आणि मिरपूड. मटार सासऱ्यांनी, आप्पांनी सोलले होते, गेले तीन हिवाळे सोलत होते तसेच.

दर थंडीत नवे भाग यायचे. मालिकेचं वेड तिच्या नवऱ्याचं, नचिकेतचं. तो गेल्यावर आप्पा एक दिवस मुकाट्याने त्याच्या जागी येऊन बसले. ड्रॅगनांचा तिला केव्हाच वीट आला होता, पण म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच विरंगुळा, तो कसा मोडायचा?

“शेवटी सगळ्यावर पाणी फिरवलं मेल्यांनी,” ती म्हणाली.

आप्पांनी शेवटचा मटार काट्यावर घेतला. “पण हा राजा मागच्या वर्षी बुडून मेला होता ना?”

“तो याचा भाऊ होता, आप्पा.”

“म्हणजे दाढीवाले दोन होते?”

मृण्मयी त्यांच्याकडे बघतच राहिली. “मग तीन वर्षं तुम्ही बघत काय होतात?”

“मला कुठलं कळतंय त्यातलं? तुला आवडतं म्हणून बसत होतो.”

तिने दमलेले पाय सोफ्यावर घेतले.

“उद्या काय लावू?” तिने विचारलं.

“काहीही लाव,” रिकाम्या ताटल्या उचलत आप्पा म्हणाले. “मी मटार आणून ठेवतो.”