जाड पत्र्याचा सायलेन्सर

"पुन्हा भोक?" वैजनाथने गाडीखालूनच विचारलं.

"मला काय विचारता? काम तुमचं आहे," श्रीनिवास म्हणाला आणि रिक्षाला हात करून निघून गेला.

वैजनाथच्या ते वर्मी लागलं. कसबा पेठेत बापाच्या वेळेपासूनचं सायलेन्सरचं दुकान, आणि या लाल, दोन सीटच्या विलायती गाडीने त्याच्या नावाचं पार मातेरं केलं होतं. श्रीनिवास हिंजवडीच्या कंपनीत मोठा साहेब. अमेरिकेची वारी झाल्यावर हौसेने ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. नवा सायलेन्सर बसवावा, महिना-दोन महिन्यांत तो फुटावा, आणि गाडी नदीच्या पुलावर आली की अख्ख्या पेठेला कळावं. लोक मग वैजनाथकडे बघून हसायचे.

श्रीनिवासचं बिऱ्हाड दुकानासमोरच्याच इमारतीत. आवाज आला की त्याची सृष्टी दप्तर उचलून तळमजल्यावरच्या यमुनाबाईंकडे अभ्यासाला पळायची. पोरगी भारीच अभ्यासू, वैजनाथला कौतुक वाटे. सगळी इमारत त्या फटफटाटाला कावलेली. एकट्या यमुनाबाईंची कधी तक्रार नव्हती. म्हातारीला ऐकू कमी येत असेल.

या वेळी त्याने भोक नीट निरखलं. गंज पत्रा कुरतडतो, असं गोल भोक पाडत नाही. हे कोणीतरी बाहेरून ठोकून पाडलं होतं. आणि कोणीतरी म्हणजे कोण, कोपऱ्यावरचा दत्तोबा. त्याचंही सायलेन्सरचंच दुकान, गिऱ्हाईक पळवायला टपलेला. दिवाळीपासून वैजनाथचा पत्र्याला भोक पाडायचा टोच्या सापडत नव्हता, तोही त्यानेच ढापला असणार. मेल्याला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

संध्याकाळी श्रीनिवासची बायको दीपमाला दुकानाशी आली. ऐन वैशाखात मनगटापर्यंत बाह्या. नेहमीचाच पत्रा लावा, म्हणाली, उगीच भारीतला नको. आवाजाचं एवढं काय, जुनी गाडी म्हटली की आवाज असायचाच.

वैजनाथला वाटलं, बाई टोमणा मारतेय.

"ताई, आता असा बनवतो, की गाडी दारात येऊन उभी राहील तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

तिने मनगटावरची बाही खाली ओढली. मग "बरं" म्हणून गेली.

वैजनाथ ईर्षेला पेटला. स्टेनलेसचा दुप्पट जाड पत्रा आणला, स्वतः वळवला, स्वतः वेल्डिंग केलं. गाडी बाहेर काढली तेव्हा मांजर चालल्यासारखी गेली. दत्तोबा दुकानातून बघत होता. बस आता बोंबलत, वैजनाथ मनात म्हणाला. त्या रात्री त्याला किती दिवसांनी शांत झोप लागली.

आठवडा गेला. पुलावरून आवाज नाही, लोकांचं हसणं नाही. शाबासकीचे दोन शब्द ऐकावेत म्हणून एका सकाळी तो समोरच्या इमारतीचा जिना चढला. श्रीनिवास ऑफिसला गेला होता. दार सृष्टीने उघडलं. डावा हात प्लास्टरमध्ये.

"पडलीस होय गं?" त्याने विचारलं.

सृष्टीने आईकडे पाहिलं. दीपमाला आत गेली, काहीतरी घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवलं. त्याचाच टोच्या. टोक पार वाकलेलं.

"काम पक्कं झालंय, दादा," ती म्हणाली. "हे पुलावर आले की आता आम्हाला कळत नाही."