तेवढ्यापुरतं

"आई, तेवढ्यापुरतं काढ ना. ते गेले की लगेच घाल."

हॅनाबाईंनी गळ्यातल्या पोतीवर हात ठेवला. लग्नात इसाजींनी बांधलेली ती काळ्या मण्यांची पोत बाळंतपणातसुद्धा कधी उतरली नव्हती.

"अरे, पण का? वाईट दिसतं का मला?"

"वाईट नाही गं." मनासेचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. "ते प्राध्यापक परदेशातले. परवा मुंबईत एका घरी मंगळसूत्र बघून त्यांनी विचारलं म्हणे, हे यहुदी माणसांत कुठून आलं? त्या घरच्या मुलाला पुढे एक प्रश्नसुद्धा न विचारता गाळलं. आणि बांगड्याही काढ."

जेरुसलेमला जाऊन दोन वर्षं हिब्रू शिकायचं, जुन्या पोथ्या वाचायच्या, बोटीच्या भाड्यापासून सगळा खर्च मुंबईचा एक ट्रस्ट करणार. जागा एकच. गाळून गाळून दोघे उरले होते. एक मुंबईतलाच आणखी कुणी मुलगा आणि दुसरा पनवेलच्या इसाजी तेल्याचा मनासे. मुलाचं घरदार बघून मगच शिष्यवृत्ती द्यायची, म्हणून आज पाहुणे घरी यायचे होते.

हॅनाबाईंनी पोत काढली. बांगड्या काही निघेनात. मग मोरीत जाऊन, मनगटाला साबण चोळून, त्यांनी एकेक उतरवली. "फोडायची नाही हं मी, सांगून ठेवते," एवढंच आतून बोलल्या.

वडिलांना तर मनासेनं सकाळीच सांगून टाकलं होतं. "बाबा, तुम्ही आज घाण्यावरच थांबा. तेवढ्यापुरतं."

इसाजींनी आपल्या तेलकट सदऱ्याकडे पाहिलं आणि हसले. "खरंय बाबा तुझं. पाहुण्यांच्या कपड्यांना उगीच डाग लागायचा." मुलाला तेव्हाच कुठेतरी टोचलं होतं. पण पाहुणे यायचे होते. टोचलेलं काढत बसायला वेळ कुठे होता?

पाहुणे दोघे आले. लाल चेहऱ्याचे, घामानं निथळणारे प्राध्यापक आणि ट्रस्टचे सेक्रेटरी राजपूरकर. राजपूरकर मुंबईत राहणारे, पण मूळचे कोकणातले, मनासेच्याच यहुदी समाजातले. मनासेनं हिब्रू उतारा वाचला, अर्थ सांगितला, आडवेतिडवे प्रश्न परतवले. प्राध्यापक मान डोलावू लागले. तेवढ्यात हॅनाबाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या.

बशी घेताना राजपूरकरांनी त्यांचे हात पाहिले. मग गळा पाहिला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"अरेरे! बाळ, वडील गेल्याचं तू कुठे बोलला नाहीस."

मनासेला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. भुंडे हात, भुंडा गळा. परदेशी माणसाच्या डोळ्यांचा विचार त्यानं केला होता. घरच्या माणसाच्या डोळ्यांचा नव्हता केला.

"नाही, म्हणजे ते..."

"अरे, संकोच कसला त्यात! बरं झालं कळलं ते. दोन मुलं सारखी उतरली तर बिनबापाच्या पोराला आधी घ्यायचं, असा नियमच आहे आमचा. आता विचार करायलाच नको." असं म्हणून राजपूरकर प्राध्यापकांकडे वळले आणि त्यांनी इंग्रजीत सगळं सांगितलं.

हॅनाबाई मुलाकडे बघत राहिल्या. त्यानं नुसतं नाही म्हणायचं होतं. त्यानं मान खाली घातली.

ओटीवर बाटल्या खणखणल्या. दारात इसाजी उभे होते. हातात सोड्याच्या बाटल्यांची पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते तोंडावरच दिसत होतं.

"कोण हे?" राजपूरकरांनी विचारलं.

इसाजी थोडे थांबले. मुलाला त्यांनी वेळ दिला. मग स्वतःच म्हणाले, "घाण्यावरचा गडी, साहेब. पाहुणे उन्हातून आलेत, म्हटलं सोडा तरी पोचवावा. वहिनी, कुठं ठेवू?"

हॅनाबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून आत गेल्या.

"ठेव तिथेच," राजपूरकर म्हणाले.

"रिकाम्या बाटल्या परत न्यायच्यात. थांबतो बाहेर." इसाजी उंबऱ्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

प्राध्यापकांनी मनासेच्या खांद्यावर हात ठेवला. इतका वेळ कडक वाटणारा माणूस एकदम मऊ झाला होता. ते राजपूरकरांच्या कानाशी काहीतरी बोलले.

"वडिलांसाठी कद्दीश म्हणतोस ना? साहेबांना तोच ऐकायचाय. शेवटची परीक्षा समज."

कद्दीश म्हणजे गेलेल्या बापासाठी मुलानं म्हणायची प्रार्थना. आजोबा वारले तेव्हा इसाजी तो रोज म्हणायचे. त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून शेजारी उभ्या असलेल्या मनासेला तो तेव्हाच पाठ झाला होता. ऐकणाऱ्यांनी मध्ये मध्ये फक्त 'आमेन' म्हणायचं असतं.

"पण इथे दहा पुरुष कुठे आहेत?" मनासे कसाबसा म्हणाला. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश होत नाही.

"म्हणून तर ही प्रार्थना नव्हे. नुसते उच्चार बघायचेत. कुणी आमेनही म्हणायला नको."

मनासे उठला. त्यानं टोपी सारखी केली. अजूनही सांगता आलं असतं. दार उघडं होतं, बाप चार पावलांवर होता. मुंबईचा मुलगाही कुठेतरी वाट बघत असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं तोंड उघडलं.

"यिथगद्दल वेयिथकद्दश शेमे रब्बा..."

उच्चार स्वच्छ होते. एकही चूक नव्हती. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. सवयीनं मनासे आमेनच्या जागी थांबला.

उंबऱ्यापलीकडून इसाजी म्हणाले, "आमेन."