आईचा दाब

रेवतीने घाबरायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं. अपघातानंतर शेजारच्या खाटेवर बेशुद्ध पडलेल्या सहा वर्षांच्या ओवीचं हृदय थकलं होतं; तिच्या अंगातलं रक्त आता नळ्यांमधून रेवतीचंच हृदय फिरवत होतं. आईचा रक्तदाब उसळला, की लेकीच्या जखमी मेंदूची सूज वाढे.

तिसऱ्या दिवशी नवरा भेटायला आला.

"अन्वय कसाय?" तिने अपघातात सोबत असलेल्या थोरल्या मुलाबद्दल विचारलं.

"बराय. आत्याकडे ठेवलाय," श्रीधर म्हणाला.

रेवतीने त्याचं नुकतंच मुंडण केलेलं डोकं पाहिलं. ती डोळे मिटून सावकाश श्वास घेत राहिली. पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा हलला नाही.

अकराव्या दिवशी ओवीने डोळे उघडले. सिस्टरने रेवतीच्या नळ्या काढल्या.

"आता सांग," रेवती श्रीधरला म्हणाली, "त्याला अग्नी कुठे दिलास?"