आपल्या दोघींतलं

खोलीतून बाहेर पडताना धाकटी लेक दिव्याचं बटण पुन्हा पुन्हा चालू-बंद करत राहायची. शिवणकाम करणाऱ्या आईने एकदा न रागावता तिला जवळ घेतलं आणि कारण विचारलं. ती रडत म्हणाली, "मधेच थांबले तर तुला काहीतरी होईल असं वाटतं गं. पण कुणाला सांगू नकोस."

"वेडाबाई, हे आपल्या दोघींतच राहील," आई म्हणाली.

शनिवारी धाकटी आईच्या दुकानात गेली. माप द्यायला उभी असलेली बाई तिला पाहून म्हणाली, "काय गं, बटणं नीट दाबतेस ना? तुझ्या आईला काही झालं तर माझा ड्रेस कोण शिवणार?"

तोंडात टाचण्या धरलेली आईसुद्धा हसली. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "अजून वाटते का गं ती भीती?"

"छे, केव्हाच गेली," म्हणत धाकटी आत गेली आणि बाहेर आवाज जाणार नाही अशा बेताने बटण दाबू लागली.

 

दुसऱ्या दिवशी आई एका गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत होती, "मुलांना विश्वासात घ्यावं लागतं हो. माझी लेक माझ्यापासून काही म्हणजे काही लपवत नाही."