बिनचिठ्ठीच्या बाटल्या

"अगं, दूध करपून घरभर धूर झाला तरी तुझ्या बाबांना पत्ता नसतो. जरा बघ त्यांच्याकडे," शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या होत्या. तिने ते हसण्यावारी नेलं. "काकू, त्यांचं डोकं मशीनमध्ये असतं हो."

आज लेकीला घेऊन ती बाबांच्या दुकानात आली होती. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करत. खालच्या फळीवर पाण्याच्या जुन्या बाटल्या होत्या. एकीत गंज सोडवायचं रॉकेल, दुसरीत तेलकट सुटे भाग धुवायचं व्हाइट पेट्रोल, तिसरीत टर्पेंटाइन. दिसायला सगळं पाणीच. नाव एकीवरही नाही.

"बाबा, निदान चिठ्ठ्या तरी चिकटवा. पोर चालायला लागलीय माझी."

"ज्याला नाक नाही त्याला लागतात चिठ्ठ्या." बाबांनी वातीचा स्टोव्ह पुढे ओढला, एक बाटली उघडली आणि ऐटीत हुंगली. "हं. रॉकेल. बस, चहा टाकतो."

ते टाकीत ओतू लागले तसा वास तिच्यापर्यंत आला. उग्र, थेट डोक्यात जाणारा. पेट्रोल पंपावर येतो तसा.

"बाबा, काडी ओढू नका!"

"आली भित्री भागूबाई!"

तिने त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली आणि दार सताड उघडलं. स्टोव्ह उचलून बाहेर ठेवला. मग वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्या बाटलीतला एक थेंब टाकला, शेजारी दुसऱ्या बाटलीतला. पहिला बघता बघता उडून गेला. दुसऱ्याचा तेलकट डाग तसाच राहिला.

"हा राहिला ते रॉकेल, बाबा. तुम्ही ओतलंत ते पेट्रोल."

बाबांनी कागद नाकाशी नेला. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मग हळूच खाली ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मागच्या तापात नाक गेलं. म्हटलं, येईल परत."

"मला सांगायचं नाही?"

"तू आधीच कशाकशाला घाबरतेस."

बाबांनी कापडावर खुणा करायची जाड पेन्सिल शोधून तिच्यापुढे केली. "लिही. मोठ्या अक्षरात. आणि पाण्याच्या बाटल्या बंद. झाकणाचे डबे आणू, वरच्या फळीवर ठेवू."

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी साबणाने हात धुतले, नातीला उचललं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं.

"हिचा वास कसा येतो गं?"

"दुधाचा. आणि थोडा घामाचा."

"सांगत जा मला अधूनमधून."

तुमच्याही घरी दूध करपलं तरी खुर्चीतून न उठणारं कुणी असेल. आज त्यांना डोळे मिटायला सांगा, नाकाशी साबणाची वडी धरा आणि विचारा, हे काय आहे.