गवतापाशी उचललेला पाय

सुभेदार खराडे सरावाच्या माळावर खुर्ची टाकून बसले होते आणि समोर धावणारा रणगाडा बघत होते. आत माणूस नव्हता. आतलं यंत्र खराड्यांच्याच तीस वर्षांच्या हातापायांवरून गाडी हाकायला शिकलं होतं, त्यामुळे ताशी साठ किलोमीटरच्या वेगातही तो हुबेहूब त्यांच्यासारखा वळायचा. पण उंच गवत आलं की दबकायचा.

"सुभेदारकाका, बघा, पुन्हा!" इंजिनियर केतकी म्हणाली. "गवत दिसलं की दोन सेकंद वेग कमी. तिथे काहीच नसतं. तुम्ही असं का करायचात?"

खराड्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लढाईत एकदा केलं नव्हतं. गवतात गावातली माणसं लपून बसली होती. रणगाड्याच्या पट्ट्यात अडकलेलं लुगडं नंतर मीच सोडवलं."

केतकीने हातातल्या पडद्यावरचे आकडे पाहिले. "पण काका, त्या दोन सेकंदांत समोरचा आधी गोळा डागतो. ते काढावंच लागेल."

"मग माझं नावही काढ, पोरी."

"नाव कुठेच टाकलेलं नाही, काका."

तिने बटणं दाबून ते दोन सेकंद काढून टाकले. रणगाडा वळून पुन्हा सुसाट आला. गवत जवळ येताच खराड्यांचा उजवा पाय, अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा तसा, आपसूक वर उचलला गेला. रणगाडा मात्र थेट आत घुसला आणि गवत आडवं करत पलीकडे निघाला.

चाचणी बघायला जमलेल्या अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खराडे उठले आणि रणगाड्याचे लोखंडी पट्टे तपासायला निघाले.