नदीपलीकडचा मिर्झो

पामीरच्या जुन्या हमरस्त्यावरून सायकलने निघालेले लोक आमच्याकडे मुक्कामाला थांबतात. अंगणापुढे नदी आहे, नदीपलीकडे अफगाणिस्तान. इकडच्या यादवीत माझ्या सासूबाईंचा धाकटा भाऊ मिर्झोबेक तिकडे पळाला, त्याला पंचवीसेक वर्षं झाली. आम्हाला नदी ओलांडायची परवानगी नाही. रोज सकाळी तो छपरावर येऊन हात हलवतो, सासूबाई इकडून ओढणी हलवतात.

काल सियामक नावाचा इराणी सायकलवाला आला. आधी तो पलीकडे फिरून आला होता. खारा चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, त्या समोरच्या निळ्या दाराच्या घरात मी परवा जेवलो. मिर्झोबेककाका उठूच देईनात."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. दात पडलेला एक दाढीवाला म्हातारा हसत होता.

सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं. "कुणाकडे जेवून आलास रे बाबा? हा नाही मिर्झो."

सियामक ओशाळला. त्याने पुढचा फोटो दाखवला. तो त्याने निघाल्यावर, लांब रस्त्यावरून मागे वळून घेतला होता. छपरावर नखाएवढा एक माणूस, हात वर केलेला.

 

"हा बघ," सासूबाई म्हणाल्या, "हा माझा मिर्झो."